विश्लेषण : पहाटे स्वेटर, दुपारी घामाच्या धारा... कर्जत-खालापुरात थंडी सरण्याआधीच उन्हाळा का?

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपल्याकडे म्हणतात. गेल्या काही वर्षांत मात्र कर्जत-खालापूर पट्ट्यात थंडी होळीची वाट पाहत नाही आणि धड निघूनही जात नाही. फेब्रुवारीत कर्जत-खोपोलीहून पहाटे सुटणाऱ्या लोकलमध्ये कानटोप्या दिसतात आणि त्याच दिवशी दुपारी रस्त्यावर सावली शोधावी लागते. २०२५ मध्ये महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते ती याच सुमारास, अशी जुनी समजूत. त्या वर्षी महाशिवरात्रीच्या तोंडावर मुंबईसह कोकणात उष्णतेच्या लाटेचे इशारे दिले गेले होते आणि सांताक्रूझ वेधशाळेत पारा ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे लोधिवली किंवा चौक ही गावे ना किनाऱ्यावरची ना घाटमाथ्यावरची. अशा गावांत या दिवसांत नेमके काय होते आणि त्याची किंमत कोण मोजते?

फेब्रुवारी खरेच बदलला आहे का?

एखाद-दुसरा तापलेला दिवस नवा नाही. सांताक्रूझचा फेब्रुवारीतील उच्चांक ३९.६ अंशांचा आहे आणि तो २५ फेब्रुवारी १९६६ चा आहे. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवलेली बरी. बदल आहे तो सरासरीत. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये फेब्रुवारी २०२३ हा देशातील कमाल तापमानाच्या सरासरीचा विक्रम मोडणारा महिना ठरला. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, दिवस-रात्र मिळून काढलेल्या सरासरी तापमानाचा विक्रम मोडला. ते २२.०४ अंश होते, म्हणजे सर्वसाधारण २०.७० अंशांपेक्षा १.३४ अंशांनी जास्त. सव्वा अंशाने काय बिघडते, असे वाटू शकते. पण ही काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची, महिनाभराची सरासरी आहे. ती एका अंशाने वर जाते तेव्हा त्यामागे शेकडो ठिकाणच्या पाच-सहा अंशांनी जास्त तापलेल्या दुपारी असतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान विभागाने कोकण आणि कच्छसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला आणि लगेच मागेही घेतला. त्यावरून तेव्हा बरीच थट्टा झाली. खरे तर त्या गोंधळातच या विषयाचे मर्म आहे. विभागाच्या ऋतुविभागणीत जानेवारी आणि फेब्रुवारी हे ‘हिवाळ्याचे’ महिने, तर मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतही उष्णतेच्या लाटांचा काळ साधारण मार्च ते जून असाच धरलेला आहे. म्हणजे कागदावर हिवाळा चालू असताना दारात उन्हाळा येऊन उभा राहतो आणि त्याचे स्वागत करायला कोणतीच यंत्रणा जागेवर नसते.

दुपारी इतका चटका कशामुळे?

सारा खेळ वाऱ्याच्या दिशेचा आहे. हिवाळ्यात कोकणावर रात्री आणि सकाळी पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून, वारे येतात. जमीन तापली की दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि पारा तिथेच अडतो. मुंबईचे तापमान इतर शहरांच्या मानाने आटोक्यात राहते ते या वाऱ्यांमुळे. पूर्वेचे वारे जोरात असले की खारे वारे उशिरा येतात किंवा किनाऱ्यावरच घुटमळतात. एरवी अकरा-साडेअकराला मिळणारा दिलासा दोन-तीन वाजेपर्यंत मिळाला नाही, तर मधल्या तासांत पारा झपाट्याने चढतो. तापमानाच्या बातम्यांत ‘पूर्वेकडील वाऱ्यांचा प्रभाव’ असे शब्द येतात त्यांचा अर्थ हा.

कर्जत-खालापूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. पूर्वेकडून येणारी ही हवा सह्याद्रीचा कडा उतरून येते. कोरडी हवा खाली येताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने तापते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर आहे, खोपोली साधारण ६० मीटरवर. बोरघाटातून गाडीने खाली यायला अर्धा तास लागतो. तेवढ्या उतारात हवा मात्र साडेपाच अंशांनी तापू शकते. दुपारी लोणावळ्यात ३२ अंश असतील, तर त्याच हवेचे खाली ३७-३८ होणे हे साधे गणित आहे, त्यासाठी वेगळी ‘लाट’ यावी लागत नाही.

दुसरीकडून खाऱ्या वाऱ्यांची वाटही सोपी नाही. पनवेलच्या खाडीकडून आत येताना प्रबळगड, इर्शाळगड, माथेरानची रांग आडवी येते. कर्जत तर या रांगेच्या पलीकडे, पूर्वेला. वारा पोहोचतो तोवर दुपार उलटलेली असते आणि वाटेत त्याने बराच गारवा गमावलेला असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अशाच खोलगट भागात रायगडमधले भिरा आहे. २८ मार्च २०१७ रोजी तिथे ४६.५ अंशांची नोंद झाली आणि हे छोटे गाव देशभर बातम्यांत आले. त्या आकड्याविषयी तेव्हा शंकाही घेतल्या गेल्या. पण आकडा दोन-चार अंशांनी कमी धरला तरी किनाऱ्यावरचा रायगड आणि डोंगराखालचा रायगड हे उन्हाच्या हिशेबात दोन वेगळे जिल्हे आहेत, हे उरतेच.

मग पहाटे गारठा कसा?

कारण तेच, फक्त उलट्या बाजूने. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असले की सूर्य मावळताच जमिनीची उष्णता भरभर निघून जाते. थंड हवा जड असते, ती डोंगरउतारावरून ओघळून खोऱ्यात साचते. त्यामुळे हिवाळ्यातल्या काही पहाटे नेरळ-कर्जतच्या खोऱ्यात सुमारे आठशे मीटर उंचीवरच्या माथेरानपेक्षा जास्त गारठा असतो. थंडी अनुभवायला वर गेलेल्या पर्यटकाला ती खाली स्टेशनवरच सोडून आल्याचे कळतही नाही. शास्त्रात याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. सूर्य वर आला की हा थर तासा-दोन तासांत फुटतो आणि पूर्वेची कोरडी हवा ताबा घेते. पहाटेच्या पंधरा-सोळा अंशांवरून दुपारच्या सदतीसवर जाणारा दिवस असा तयार होतो. सर्दी-खोकला, घसा धरणे या तक्रारींसाठी या दिवसांत दवाखान्यांत गर्दी होते, त्यात वीस अंशांच्या या रोजच्या झोक्याचा वाटा असतोच.

वाल, आंबा आणि उन्हाळी भात

फेब्रुवारीचा हा लहरीपणा शहरात पंखा सुरू करून भागवता येतो. शिवारात नाही.

भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरला जातो. त्याला पाणी देणारे कोणी नसते. जमिनीतली ओल, थंडी आणि पहाटेचे दव एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. याच वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात रचून, वर-खाली जाळ करून पोपटी लावली जाते. रायगडच्या हिवाळ्याची ही खरी ओळख, आणि आता शहरातून येणाऱ्या पाहुण्यांमुळे काही शेतघरांच्या कमाईचाही भाग. थंडी अध्येमध्ये गायब झाली, आभाळ आले की वालावर मावा चढतो. फेब्रुवारीत ऊन अचानक वाढले की फुले गळतात, शेंगा भरण्याआधीच वाळू लागतात. पोपटीचा मोसम दोन आठवड्यांनी आटोपतो, हे खवय्यांचे दुःख. वर्षभराच्या डाळीचा वाल घरात कमी येतो, हे शेतकऱ्याचे.

आंब्याचे दुखणे जास्त गुंतागुंतीचे आहे. मोहोर येण्यासाठी रात्रीची थंडी हवी आणि एकदा फळ धरले की हवामान स्थिर हवे. फेब्रुवारीत फळे वाटाण्यापासून सुपारीएवढी असतात. अशा वेळी पारा ३५ च्या वर गेला की ती गळू लागतात. बरे, पुन्हा थंडी परतली तर तीही नकोच. फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि झाड आपली ताकद त्या नव्या मोहोराकडे वळवते. आधीची फळे गळतात ती अशीही. ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी येते, म्हणजे फवारणीचा खर्च पुन्हा उभा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात वाढत्या उन्हात फळगळ रोखण्यासाठी झाडांना ठरावीक अंतराने पाणी देण्यास सांगितलेले असते. ज्यांच्या बागेत विहीर आहे त्यांना ते जमते. डोंगरउतारावरच्या कलमांना बादलीने पाणी कोण घालणार?

भाताचे काय, हा प्रश्न बाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल, कारण कोकणात भात पावसाळ्यात. कर्जतमध्ये मात्र उन्हाळी भातही होतो आणि त्याचे कारण विजेत आहे. घाटावरच्या धरणांचे पाणी टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून खाली उतरते, पेज नदीत येते आणि राजनाला कालव्याने शेतांना मिळते. खोपोलीच्या केंद्रातून उतरणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगाही उन्हाळ्यात वाहती राहते. या भाताची पेरणी डिसेंबरमध्ये आणि लावणी जानेवारीत होते. रोपवाटिकेच्या काळात रात्री फार गार असल्या तर रोपे खुंटतात आणि लावणी लांबते. लावणी लांबली की लोंबी बाहेर पडण्याची वेळ मार्चच्या अखेरीकडे सरकते. फुलोऱ्याच्या वेळी ३५ अंशांच्या वर ऊन असेल तर परागीभवन नीट होत नाही आणि दाणे पोचट राहतात. आधी थंडीने मागे ओढायचे आणि मग उन्हाने गाठायचे, अशी ही दुहेरी कोंडी आहे. कर्जतलाच भात संशोधनाचे जुने केंद्र आहे आणि ‘कर्जत’ नावाचे वाण राज्यभर पेरले जातात. लवकर तयार होणारे वाण निवडणे आणि पेरणीची तारीख सांभाळणे हा त्यावरचा मार्ग आहे. पण कालव्याला पाणी कधी सुटते यावर ती तारीख ठरते आणि ते शेतकऱ्याच्या हातात नसते.

‘लाट’ कधी म्हणायची?

हवामान विभागाचे निकष ठरलेले आहेत. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, डोंगराळ भागात ३० आणि किनारपट्टीवर ३७ अंश असावे लागते. त्याबरोबर ते सर्वसाधारणपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक जास्त हवे. शिवाय एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस ही स्थिती राहिली तरच लाट जाहीर होते, तीही दुसऱ्या दिवशी.

निकष असायलाच हवेत, नाहीतर प्रत्येक गरम दुपार ‘लाट’ होईल. पण आपला उपविभाग आहे ‘कोकण आणि गोवा’, म्हणजे डहाणूपासून काणकोणपर्यंत. आणि बातम्यांत येणारे आकडे बहुतेक वेळा कुलाबा आणि सांताक्रूझचे, म्हणजे समुद्राच्या कुशीतले. सांताक्रूझला ३५ असताना लाट नसते, म्हणून मोबाइलवर इशारा येत नाही. त्याच वेळी डोंगराखाली ३८-३९ असू शकतात. हा फरक काही सरकारी गुपित नाही, त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही इतकेच.

पारा म्हणजे सगळे नव्हे, हेही रायगडनेच पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारच्या मोकळ्या मैदानावरील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा तापमान चाळिशीच्या आतच होते. दमट हवा, सावली नसणे आणि उन्हात घालवलेले तास यांचा हिशेब कुठल्याच एका आकड्यात मावत नाही.

उन्हात कोण असते?

फेब्रुवारीचे ऊन मे महिन्यापेक्षा कमी असूनही काही बाबतींत जास्त घातक ठरते. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. मे महिन्यात हे जुळवून झालेले असते. फेब्रुवारीत चार दिवसांपूर्वी शेकोटी पेटवणाऱ्या शरीराला अचानक ३८ अंशांत उभे केले जाते.

या पट्ट्यात वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. भट्टीवर राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात आणि ती मुलाबाळांसह तिथेच राहतात. चिखल तुडवणे, विटा थापणे, भट्टी रचणे, सगळे उघड्यावर, आणि मजुरी विटांच्या संख्येवर. दुपारी दोन तास थांबा, हा सल्ला तिथे फुकटचा नसतो. तेवढ्या विटा कमी पडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी सर आली तर वाळत घातलेल्या कच्च्या विटांचा पुन्हा चिखल होतो, तो तोटा वेगळा. रसायनी-पाताळगंगा औद्योगिक पट्ट्यातले हमाल, महामार्गावरचे पंक्चरवाले, सगळीकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींवरचे मजूर यांचीही गोष्ट फार वेगळी नाही. पाताळगंगा खाली भरून वाहत असते आणि तिच्या आसपासच्या डोंगरावरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत झरे आटू लागतात. बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात ते याच दिवसांत. ऊन लवकर आले की हे दिवसही लवकर येतात. टँकरचे प्रस्ताव मात्र मार्चनंतरच्या टंचाईच्या हिशेबाने हलतात.

जगात काय चालले आहे?

फेब्रुवारी २०२५ च्या त्याच आठवड्यात उत्तरेकडे पाहिले तर चित्र पूर्ण होते. काश्मिरात गुलमर्ग येथे २२ फेब्रुवारीपासून होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फच नसल्यामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. आणि २८ फेब्रुवारीला उत्तराखंडच्या माणा गावाजवळ, आठवड्याअखेरच्या जोरदार हिमवृष्टीत, रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला. ५४ पैकी आठ जण दगावले. दोन्ही घटनांचा धागा एकच, पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राकडून येणारे हे झंझावात हिमालयात बर्फ आणतात आणि ते पुढे सरकले की उत्तरेचे गार वारे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. ते कमकुवत पडले किंवा उशिरा आले की वर बर्फ नाही आणि खाली थंडी नाही. गुजरात-राजस्थानवर उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले की हवा आणखी तापते. फेब्रुवारी २०२३ मध्ये साधारण हेच झाले होते. कर्जतच्या दुपारचा उगम असा हजारो किलोमीटरवर असतो.

मराठी कुटुंबांचे नातेवाईक ज्या अमेरिकेत आहेत तिथल्या टेक्सासने तर दोन्ही टोके पाहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये डॅलसला पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला, वीजयंत्रणा कोलमडली आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसे गेली. तीन वर्षांनी, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, त्याच राज्यात वाळलेल्या गवताळ प्रदेशात लागलेल्या वणव्याने दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या नोंदीनुसार तो फेब्रुवारी जगातला तोवरचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता, औद्योगिक काळाआधीच्या पातळीपेक्षा १.७७ अंशांनी वर.

म्हणून एखादी कडाक्याची पहाट पाहून ‘कुठे आहे तापमानवाढ’ असे विचारण्यात अर्थ नाही. थंडी यापुढेही पडेल. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत पारा दहा अंशांखाली गेला होता, तसे पुन्हा होऊ शकते. पाया वर सरकला की उष्ण दिवसांची शक्यता वाढते आणि थंड दिवसांची घटते, पण शून्य होत नाही. इथे एक गंमत आहे. ‘सर्वसाधारण’ तापमान म्हणजे तीस वर्षांची सरासरी आणि ती दर दहा वर्षांनी पुढे सरकवली जाते. सध्या १९९१ ते २०२० धरली जाते. म्हणजे मोजपट्टीच तापत चालली आहे, आणि तीवर मोजलेला ‘साडेचार अंश जास्त’ आजोबांच्या साडेचारपेक्षा अधिक गरम आहे.

अंदाज वाचताना काय पाहावे?

फेब्रुवारीत मोबाइलवरचा कमाल तापमानाचा आकडा एकटा वाचू नये. वाऱ्याची दिशा पाहावी. सकाळी नऊ-दहानंतरही वारा पूर्व किंवा ईशान्येचा दाखवत असेल, तर दुपार कठीण जाणार असे समजावे. वारा दुपारआधी पश्चिम-वायव्येकडे वळणार असेल, तर ऊन तेवढेच असूनही सुसह्य राहते. मुंबईचा आकडा आपला समजू नये, पूर्वेचे वारे असतील तर त्यात दोन-तीन अंश घालून दिवस आखावा. हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठांचा आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, निघणारा जिल्हानिहाय कृषी सल्ला मराठीत मोफत मिळतो. आंबा आणि भाताच्या पाण्याचे वेळापत्रक त्यावरून बदलता येते.

ग्रामपंचायत आणि शाळांच्या पातळीवर बदल आणखी सोपे आहेत. सकाळच्या शाळेची तारीख साधारण मार्चमध्ये ठरते, ती पाऱ्याकडे पाहून ठरवता येईल. वार्षिक क्रीडास्पर्धा आणि जत्रांमधले भर दुपारचे कार्यक्रम फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सकाळ-संध्याकाळी घेता येतील. वीटभट्टीवर आणि बांधकामावर पिण्याचे पाणी व सावलीचा मांडव मार्चऐवजी महाशिवरात्रीच्या आधी लागला, तर त्याला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही. चार बांबू, एक ताडपत्री आणि माठ भरायला एक माणूस पुरतो.